हाडाला सांगावा



शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. शिरूर-दौंडकडच्या आपल्या लोकांना ते सोयऱ्याधायऱ्यांचे गाव म्हणून ठाऊक असेल. जगभरच्या अभ्यासकांना ते ठाऊक आहे तिथल्या हाडांमुळे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथल्या पांढरीच्या टेकाडांवर उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. झेड. डी. अन्सारी ही मंडळी त्यात होती. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे इथे शेतकऱ्यांचे गाव नांदत होते. शंभराहून अधिक घरे सापडली, नदीचे पाणी वळवणारा पाट सापडला, धान्याचे कोठार सापडले, आणि दोनशेच्या वर दफने सापडली.

ही दफने बरीचशी घराच्या जमिनीखालीच. त्यांत लहान मुलांचीच जास्त. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि आत लेकरू ठेवायचे, अशी रीत होती. मोठ्या माणसांची पावले घोट्याखाली तोडलेली दिसतात. मेलेल्याने भूत होऊन चालत जाऊ नये म्हणून तसे करीत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. एका घराच्या अंगणात मात्र चार पायांचा मोठा मातीचा रांजण सापडला. त्यात सुमारे चाळीस वर्षांचा पुरुष मांडी घालून बसवलेला, आणि त्याची पावले शाबूत! तो गावचा मुख्य असावा असे म्हणतात. मेल्यावरसुद्धा मोठ्या माणसाचे पाय कापायला कोणी धजावले नाही, एवढे त्यावरून समजते.

या हाडांचा आणि दातांचा अभ्यास जॉन ल्यूकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे यांनी केला; त्यांचा ग्रंथ १९८६ साली निघाला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन संशोधक बाईंनी मुलांच्या हाडांची लांबी-जाडी मोजून वयाशी ताडून पाहिली आणि २०११ साली पुस्तक लिहिले. शेवटच्या काळात, म्हणजे इ.स.पूर्व १००० नंतर, इनामगावच्या मुलांची हाडे वयाच्या मानाने खुरटलेली होती असे त्यांना आढळले. त्या काळात चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या होत्या, शेती घटली होती, लोक शिकारीवर आणि गुराढोरांवर जास्त जगत होते. कारण दुष्काळ की आणखी काही, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण पोटाला कमी पडले की आधी लेकराचे हाड थांबते, ही गोष्ट तीन हजार वर्षांनीही मोजपट्टीवर दिसते.

मेलेल्या हाडाने एवढे सांगितले, तर जिवंत हाड काय करते, ते आज पाहू. त्याला कारण आहे. हल्ली दवाखान्यांत “हाड वाढवणारे प्रोटीन टाकावे लागेल”, “कृत्रिम हाड भरावे लागेल”, “टायटॅनियम घालू” असे शब्द आपल्या माणसांच्या कानावर पडतात. शब्द कळत नाहीत, आकडा मात्र कळतो. मग दागिना सोनाराकडे जातो. गेल्या वर्षभरात अशी दोन-तीन कुटुंबे अंदाजपत्रकाचा कागद घेऊन माझ्याकडे आली, म्हणून मी जमेल तेवढे वाचले, माहितगार डॉक्टरांना विचारले. मी डॉक्टर नाही, कारकून आहे. तेव्हा हे उपचार म्हणून वाचू नका, माहिती म्हणून वाचा.

आधी घरी करण्यासारखा एक प्रयोग सांगतो, पोरांना आवडेल. कोंबडीच्या तंगडीचे हाड स्वच्छ धुऊन चार-सहा दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मधे व्हिनेगर बदला. हाड रबरासारखे वाकू लागेल. हाडातला चुना, म्हणजे कॅल्शियमचा क्षार, आम्लात विरघळून जातो आणि मागे उरतो तो कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा चिवट सांगाडा. हाडाच्या वजनात साधारण दोन वाटे क्षार आणि एक वाटा हे प्रथिन व इतर. इनामगावच्या हाडांचे नेमके उलटे झाले आहे. मातीत प्रथिन कुजून गेले, क्षार उरला, म्हणून ती ठिसूळ झाली आणि फार जपून हाताळावी लागतात. लोखंडी सळी आणि सिमेंट एकत्र आले की पिलर उभा राहतो, तसे हे दोन मिळून हाड. सेंट्रिंगच्या आणि स्लॅबच्या कामावर जाणाऱ्या आपल्या बंधूंना हे जास्त सांगायला नको.

फरक एवढाच की पिलर एकदा झाला की झाला, हाड मात्र रोज मोडते आणि रोज बांधले जाते. हाडात जुने झालेले कोरून काढणाऱ्या पेशी असतात आणि नवे भरणाऱ्या पेशी असतात. मोठ्या माणसाचा सांगाडा साधारण दहा वर्षांत असा बराचसा नवा होतो. हाड मोडले तर आधी तिथे रक्त साकळते, सूज येते, दोन-तीन आठवड्यांत मऊ सांधा तयार होतो, पुढे काही आठवड्यांत तो टणक होतो, आणि मग महिनोन् महिने शरीर त्याला तासून मूळ आकारावर आणत राहते. कातडीला जखम झाली तर व्रण राहतो. हाड नीट जुळले तर पुढे मोड शोधावी लागते. आपल्या भन्तेजींकडून शरीराच्या बत्तीस भागांचे पठण ऐकले असेल, त्यात अट्ठि म्हणजे हाड आणि लगेच अट्ठिमिंज म्हणजे अस्थिमज्जा अशी जोडीने नावे येतात. नवे हाड घालणाऱ्या पेशींची भरती पुष्कळशी या मज्जेतूनच होते.

पण या पेशींना “इथे हाड घाला” असे सांगतो कोण? मुकादमाचा सांगावा आल्याशिवाय गवंडी कामाला लागत नाही.

हे कोडे अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी सोडवायला घेतले. आपण वर केला तोच प्रयोग त्यांनी प्रयोगशाळेत केला असे म्हणा ना. हाडातला क्षार आम्लाने काढून टाकला, उरलेला चिवट सांगाडा सशांच्या आणि उंदरांच्या मांसात, हाडापासून दूर ठेवला. काही आठवड्यांनी पाहतात तो मांसात नवे हाड! मांसात हाड होण्याचे काही कारण नव्हते. म्हणजे त्या सांगाड्यातच काहीतरी सांगावा दडलेला होता. १९६५ साली त्यांनी हे जाहीर केले आणि पुढे १९७१ मध्ये त्या अज्ञात पदार्थाला ‘बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन’ हे नाव दिले. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात बीएमपी म्हणतात.

पुढची मोठी पायरी दोन भारतीयांच्या नावावर आहे. हरी रेड्डी यांनी दिल्ली विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेली. त्यांनी आणि कुबेर संपत यांनी अमेरिकेत १९८१ साली त्या सांगाड्याचे दोन भाग केले: एकीकडे कोलॅजनचा ढाचा, दुसरीकडे त्यातून विरघळवून काढलेली प्रथिने. ढाचा एकटा ठेवला, हाड झाले नाही. प्रथिने एकटी ठेवली, हाड झाले नाही. दोन्ही पुन्हा एकत्र केली, हाड झाले. सेंट्रिंग उभे आहे पण मुकादम नाही, किंवा मुकादम ओरडतो आहे पण सेंट्रिंगच नाही, दोन्हीकडे स्लॅब पडत नाही. आज या विषयावर जगभर जे चालले आहे ते सारे या एका प्रयोगाभोवती फिरते: कोणते प्रथिन, किती, आणि कोणत्या पदार्थात भरून ठेवायचे.

१९८८ मध्ये या प्रथिनांची जनुके सापडली. तोवर कित्येक किलो गुरांची हाडे आटवून धुळीच्या कणाएवढे प्रथिन मिळत असे. जनुक हाती आल्यावर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून ते बनवून घेता येऊ लागले. अमेरिकेच्या सरकारने २००२ मध्ये कमरेच्या मणक्यासाठी, २००४ मध्ये नडगीच्या उघड्या मोडीसाठी आणि २००७ मध्ये जबड्यासाठी बीएमपी-२ वापरायला परवानगी दिली. नडगीच्या उघड्या मोडीचे ४५० रुग्ण एका मोठ्या अभ्यासात घेतले होते. त्यात जास्त मात्रा दिलेल्यांमध्ये हाड न जुळल्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ ४४ टक्क्यांनी कमी आली. ही लहान गोष्ट नाही. नडगीची मोड जुळली नाही तर मजुराच्या घरात वर्षभर चूल कशी पेटते, ते आपण पाहिलेले आहे.

आता दुसरी बाजू. शरीरात हे प्रथिन ग्रॅमच्या अब्जाव्या भागात काम करते. औषध म्हणून ते मिलिग्रॅममध्ये भरावे लागते, म्हणजे लाखो पटींनी. सांगावा एवढ्या मोठ्याने दिला तर शेजारचेही उठतात. मानेच्या मणक्यात ते वापरल्यावर काही रुग्णांचा गळा सुजला, श्वास कोंडला. २००८ मध्ये अमेरिकन सरकारला तसा इशारा द्यावा लागला. नको तिथे हाड वाढल्याचीही उदाहरणे झाली. २०११ मध्ये मणक्याच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने लिहिले की कंपनीचा पैसा घेतलेल्या संशोधकांनी दुष्परिणाम फार कमी दाखवले होते. मग सगळे कागद बाहेरच्या तटस्थ तज्ज्ञांकडे दिले. २०१३ मध्ये त्यांचा निष्कर्ष आला: मणक्याच्या शस्त्रक्रियेत रुग्णाचे स्वतःचे हाड वापरण्यापेक्षा या प्रथिनाचा ठळक जास्त फायदा दिसत नाही. हिशेब तपासनीस बाहेरचा असला की ताळेबंद कसा बदलतो, हे मी कचेरीत पाहत आलो आहे. तिथेही तेच झाले.

रुग्णाचे स्वतःचे हाड म्हणजे काय, ते आपल्या माणसांना कोणी नीट सांगत नाही. कमरेच्या हाडाची वरची कड असते, जिच्यावर आपण पातळ खोचतो किंवा पट्टा बांधतो. तिथून थोडे हाड खरवडून काढून मोडलेल्या जागी भरतात. त्यात ढाचाही असतो, जिवंत पेशीही असतात, आणि सांगावाही असतो. तिन्ही गोष्टी एकत्र. किंमत काही नाही. तोटा एवढा की दुसरी जखम होते, ती काही दिवस दुखते, आणि हवे तेवढे हाड मिळतेच असे नाही. म्हणून तर बाहेरच्या पदार्थांचा शोध चालू आहे. पण आजही डॉक्टर लोक नव्या पदार्थाची तुलना करतात ती या जुन्या पद्धतीशीच.

बाहेरचे पदार्थ पुष्कळ प्रकारचे आहेत. टायटॅनियमला हाड घट्ट धरून बसते, हे स्वीडनच्या ब्रेनमार्क यांना सशांवर प्रयोग करताना दिसले आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसवली. १९६९ मध्ये अमेरिकेत लॅरी हेन्च यांनी हाडाला चिकटणारी काच बनवली. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याशी प्रवासात झालेल्या बोलण्यातून त्यांना ती कल्पना सुचली होती. हायड्रॉक्सिॲपेटाइट नावाचा क्षार हाडातल्या क्षारासारखाच असतो. त्याचे दाणे किंवा ठोकळे पोकळीत भरतात. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने अशा पदार्थांवर काम केले आहे. यांतले बरेचसे पदार्थ म्हणजे नुसते सेंट्रिंग, मुकादम नव्हे. छोटी पोकळी असेल, भोवती रक्तपुरवठा चांगला असेल, तर शरीर आपला मुकादम आपण पाठवते.

आणि गुरांची हाडे! दातांच्या दवाखान्यात जबड्याचे हाड झिजलेले असेल तर पांढरे दाणे भरतात, ते पुष्कळदा गाईबैलांच्या हाडांचे असतात, सर्व प्रथिन काढून निर्जंतुक केलेले. बीएमपी-२ ज्या स्पंजमध्ये भिजवून ठेवतात तो स्पंजही गुरांच्या स्नायूबंधातल्या कोलॅजनचा. इथे थोडे थांबावेसे वाटते. मेलेली ढोरे ओढण्याचे काम आपल्या आज्या-पणज्यांवर गावाने लादले आणि त्याच कामावरून त्यांना विटाळ ठरवले. १९२७ साली महाडच्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी मृत मांस सोडायला सांगितले, लोकांनी ढोरे ओढणेही टाकले, तेव्हा कितीतरी गावांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. आता त्याच जनावराचे हाड स्वच्छ डबीत बंद होऊन येते आणि कोणाच्याही तोंडात बसते. तेव्हा विटाळ होत नाही. इनामगावच्या उकिरड्यांतही गुरांची हाडे कापल्याच्या खुणांसकट पुष्कळ सापडली आहेत. तिथल्या शेतकऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते. असो.

माणसाच्या हाडाचीही बँक असते. मुंबईला टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९८८ पासून ऊतक पेढी आहे. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचा जो गोळा काढून टाकावा लागतो, तो रुग्णाच्या संमतीने घेऊन, तपासण्या करून, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात आणि दुसऱ्या रुग्णाला वापरतात. कॅन्सरची गाठ काढल्यावर हाडात जी पोकळी उरते तिथे असे हाड कामी येते. देहदान-नेत्रदानाचे फॉर्म आपण जयंतीच्या दिवशी विहारात भरून घेतो; हाडही देता येते, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे. ज्यांच्या घरी खुब्याची शस्त्रक्रिया ठरली असेल त्यांनी डॉक्टरांना हे अवश्य विचारावे.

आता आपल्या वस्तीतलीच एक हकिकत. सेंट्रिंगवर काम करणारा एक तरुण परांचीवरून पडला, नडगी मोडली, हाड बाहेर आले. एका खाजगी दवाखान्यात रॉड टाकला. आठ महिने झाले तरी हाड जुळेना. मग तिथे सांगितले की प्रोटीन टाकावे लागेल, खर्च लाखाच्या पुढे. त्याची आई पोत मोडायला निघाली होती. आम्ही चौघांनी तिला थांबवून त्याला मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “तंबाखू खातोस का, विडी ओढतोस का?” दिवसाला दोन बंडले! दुसरा प्रश्न, “जेवतोस काय?” पडल्यापासून घरात कमाई नाही, म्हणून चहा-बटरवर दिवस. रक्त कमी होते. जखमेत जंतू नाहीत याची खात्री करून त्यांनी रॉड बदलला आणि कमरेचे हाड काढून भरले. विडी बंद करायला लावली. अंडी, डाळ, शेंगदाणे, मासळी जे परवडेल ते खायला सांगितले. पाच महिन्यांनी एक्स-रेमध्ये सांधा भरलेला दिसला.

प्रत्येकाचे असेच होईल असे मी म्हणत नाही. ज्याचे दोनदा तीनदा हाड भरूनही जुळले नाही, त्याला कदाचित ते प्रथिनच लागेल, आणि तेव्हा ते घ्यावे. पण विडी ओढणाऱ्यांची हाडे उशिरा जुळतात हे अनेक अभ्यासांत दिसलेले आहे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि रक्त पोचले नाही तर गवंडीही नाही, मालही नाही. आमच्या माता-भगिनी मिश्री लावतात, त्यातही तेच निकोटिन आहे. लाखाचे प्रोटीन घालून वर तोटी पेटवली तर पैसे धुरात गेले म्हणायचे.

हाडवैद्याकडे जाणाऱ्यांनाही एक सांगणे. आवळून बांधलेल्या पट्ट्याखाली बोटे काळीनिळी पडली, गार लागली, बधिर झाली, तर पट्टी त्याच घटकेला सोडून रुग्णालय गाठा. रक्त तुटून पाय सडल्याची आणि कापावा लागल्याची उदाहरणे डॉक्टर मंडळींनी वारंवार नोंदवली आहेत. उघडी जखम असेल तर हाडवैद्याकडे मुळीच जाऊ नका.

अंदाजपत्रक हाती आले की विचारा: हाड का जुळले नाही, जंतुसंसर्ग आहे का, कमरेचे हाड चालणार नाही का, सांगितलेला पदार्थ नुसता ढाचा आहे की प्रथिन, आणि माझ्या दुखण्यासाठी त्याला मंजुरी आहे का. हे विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगला डॉक्टर उलट कागद घेऊन चित्र काढून दाखवतो. बिलात ‘इम्प्लांट’ एवढाच मोघम शब्द नको. कंपनीचे नाव, बॅच क्रमांक आणि डबीवरचे स्टिकर मागून घ्या आणि एक्स-रेसोबत जपून ठेवा. पुढे कधी रॉड काढायचा झाला तर तोच कागद लागतो. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, हेही लक्षात असू द्या. दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. बिल झाल्यावर भेटून फारसा उपयोग होत नाही.

या योजनेसाठी कोणते कागद लागतात आणि रेशनकार्डावर नाव नसेल तर काय करायचे, हे पुढील अंकी. ज्यांचे अर्ज अडकले असतील त्यांनी झेरॉक्स प्रती घेऊन रविवारी वंदनेनंतर विहारात भेटावे.